चारशे मीटर आणि एक घरघंटी

आमच्या व्हरांड्यात सहा फूट लांब आणि अडीच फूट रुंद अशी एक जागा आहे. तिथं गेली अठ्ठावीस वर्षं माझी स्कूटर उभी आहे आणि गेले सहा महिने त्या जागेवर सुलक्षणाचा डोळा आहे. सुलक्षणा म्हणजे आमच्या सौभाग्यवती. तिला तिथं घरघंटी बसवून गल्लीतल्या बायकांची दळणं घ्यायची होती. प्लगपॉइंट नेमका स्कूटरच्या मागच्या भिंतीत आहे, त्यामुळं घरघंटी आली की स्कूटर भंगारात, असा साधा हिशेब होता. भंगारवाला येऊन एकदा बघूनही गेला होता. त्यानं स्कूटरच्या बुडाखाली हात घालून ती किंचित उचलली आणि खाली ठेवली. माझ्या गाडीचा असा अपमान आजवर कुणी केला नव्हता.

मी भोरमध्ये एका शाळेत आवक-जावक लिपिक आहे. शाळेतल्या लिपिकाला सगळे भाऊसाहेब म्हणतात, तसं मलाही सगळं गाव म्हणतं. येणाऱ्या कागदाला आवक क्रमांक द्यायचा, जाणाऱ्या कागदाला जावक. एकोणतीस वर्षं हेच केल्यावर माणसांकडंही तसंच बघायची खोड लागते. उदाहरणार्थ, माझा मित्र सिद्धनाथ. त्याची आमच्या गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी आहे. तो रोज संध्याकाळी आमच्याकडं येतो. आवक काही नाही. जावक दोन कप चहा, पेपरची पुरवणी आणि घरातल्या बातम्या.

भंगारवाला गेल्यावर सिद्धनाथ आला. घरघंटीची बातमी ऐकून त्याचा चहा कपातच राहिला. मग त्यानं मोबाईल काढला आणि आम्हाला कुठल्यातरी परदेशातल्या मोटारींची शर्यत दाखवली. ड्रॅग रेस म्हणे. दोन गाड्या शेजारी उभ्या राहतात, चारशे मीटर सरळ जातात आणि थांबतात. वळण नाही, चढ नाही, काही नाही. आमच्या वयाला झेपेल असा हा एकमेव क्रीडाप्रकार वाटला. सिद्धनाथ म्हणाला, "आपण लावू. माझी टू-स्ट्रोक मोटरसायकल, दूधवाल्या गोरखची आणि तुझी ही. वहिनी, गाडी एकदा पळताना तर बघा, मग काय ते ठरवा."

मला वाटलं होतं, सुलक्षणा हसण्यावारी नेईल. पण ती तांदूळ निवडत होती, आणि तांदूळ निवडताना ती कुठलीच गोष्ट हसण्यावारी नेत नाही.

"चारशे मीटर," ती म्हणाली. "कुणी ढकलायचं नाही. स्वतःच्या पायावर गेली तर राहू दे. नाही गेली तर सोमवारी भंगारवाला."

म्हणजे जिंकायचंसुद्धा नव्हतं. नुसतं पोचायचं होतं. माझ्याविषयी आणि माझ्या स्कूटरविषयी तिच्या अपेक्षा लग्नानंतर कशा क्रमाक्रमानं खाली आल्या, हे या एका अटीत सगळं आलं.

आता चारशे मीटर सरळ, मोकळी जागा आणायची कुठून? आमच्या तालुक्यात चारशे मीटर सरळ रस्ता मिळाला तर त्यावर खड्डे असतात, आणि खड्डे नसतील तर तो रस्ता वळतो. गोरख विंझरकडचा एक पट्टा सुचवत होता. गोरख मूळचा पासली गावचा, घरची मेंढरं भाऊबंदांकडं सोपवून गेली चौदा वर्षं मोटरसायकलला कॅन अडकवून गोठ्या-गोठ्यांवरून दूध गोळा करतो. पण त्या पट्ट्यावरून एसटी जाते, आणि एसटीला शर्यतीत घेण्याइतकी आमची तयारी नव्हती. शेवटी गोरखच म्हणाला की भोंगवलीला बैलांच्या शर्यतीचं रान आहे, तिथं पंच सावळाराम आहेत, त्यांना विचारू.

सावळारामांनी झेंडा टाकल्याशिवाय आसपासच्या पाच-सहा गावांत बैल हलत नाही. सत्तरीचे गृहस्थ, मिशा अजून काळ्या. त्यांनी आमचं सगळं ऐकून घेतलं आणि जराही हसले नाहीत.

"रविवारी आमची बैलं पळणार. दुसऱ्या फेरीनंतर जेवणाची सुट्टी आसती, तवा रान मोकळं हाय," ते म्हणाले. "पर पंच मी. नेम आमचं. चाकोरी चिठ्ठीवर निघंल. मागनं हात लागला की गाडी बाद. पयली गाडी रेघंवर ग्येली की फेरी संपली, मागच्या तिथंच थांबवायच्या. आन् परवानगीत नावं पायजेत तुमची, न्हाईतर माझ्या बैलांची शर्यत बंद पडंल."

चाकोरी म्हणजे शर्यतीच्या रानात प्रत्येक गाडीसाठी नांगरून आखून दिलेली वाट. मला ही कल्पना पसंत पडली. पण परवानगीचं नाव निघालं आणि माझ्यातला लिपिक जागा झाला. दोन लिपिक समोरासमोर आले की काम होत नाही, हे मला माहीत असायला हवं होतं.

कचेरीचं नाव घेत नाही, तिथं माझी अजून कामं पडतात. टेबलावरचे गृहस्थ सज्जन होते. ते म्हणाले, मोटारगाड्यांच्या शर्यतीचा नमुना आमच्याकडं नाही. बैलांच्या शर्यतीचा आहे. त्याच अर्जाला पुरवणी जोडून द्या, जे लागू नाही ते सोडून द्या. आता दुसरा कुणी असता तर त्यानं तीन नावं लिहून बाकी रेघ मारली असती. पण रिकामा रकाना मला बघवत नाही. रिकाम्या रकान्याचा अर्ज मी एकोणतीस वर्षांत कुणाचा स्वीकारलेला नाही. स्वतःचा कसा देऊ?

मी सगळं भरलं. बैलाचे नाव: बदाम्या, कारण स्कूटरचा मूळ रंग बदामी होता. वय: अठ्ठावीस. शिंगांचे वर्णन: आखूड, बाहेरच्या बाजूस वळलेली. अंगावरील खुणा: उजव्या कुशीस चेपलेले, सन दोन हजार नऊ. आहार: पेट्रोल, ऑइलसह. सिद्धनाथ आणि गोरखच्या गाड्यांचंही याच पद्धतीनं भरून, तीन प्रतींत, खाली सही ठोकून दिलं.

टेबलावरच्या गृहस्थांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचला. मग अतिशय शांतपणे म्हणाले, "भाऊसाहेब, तुम्ही वाहन लिहिलं असतं तर मी पुरवणी धरली असती. आता हे तीन बैल झाले. बैल म्हटल्यावर जनावरांच्या डॉक्टरचा दाखला लागतो." मी म्हटलं, अहो, आहार बघा ना. ते म्हणाले, आहारावर मला शेरा मारता येत नाही. अर्ज परत मागितला तर त्याला आवक क्रमांक पडला होता. आवक क्रमांक पडलेला कागद परत देता येत नाही. हे वाक्य मी स्वतः किती लोकांना ऐकवलंय, ते मला त्या क्षणी एकेका चेहऱ्यासकट आठवलं.

डॉक्टर शेफाली नुकत्याच रुजू झाल्या होत्या. शुक्रवारी सकाळी त्या गल्लीत एक गाय बघायला आल्या, तिथून सुलक्षणानंच त्यांना घरी बोलावलं. त्यांनी अर्ज वाचला, स्कूटरकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता अपमान होणार. पण नव्या नोकरीत माणूस फार नियमानं वागतो. त्या गुडघ्यावर बसल्या, बदाम्याच्या चाकांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "चालवून दाखवा."

मी स्कूटर डाव्या कुशीवर कलती करून किक मारायला लागलो. नवव्या किकला ती खोकली, धूर सोडला आणि गप्प झाली. डॉक्टरांनी दाखल्यावर लिहिलं त्याची नक्कल मी जपून ठेवलीय: 'सदर जनावर अर्जात नमूद प्रकारचे नाही. सदर बाब या दवाखान्याच्या कक्षेबाहेर असल्याने हरकत नाही. दिसण्यावरून थकलेले वाटते. विश्रांती द्यावी.' जाताना त्या सुलक्षणाला हळूच म्हणाल्या की दाखल्यातलं शेवटचं वाक्य काकांनाही लागू आहे. सुलक्षणानं हे मला लगेच सांगितलं. असले निरोप ती कधी विसरत नाही.

हे सगळं व्हरांड्यात, म्हणजे गल्लीसमोर झालं, त्यामुळं सल्ले यायला लागले. मी त्यांची नोंद ठेवली. रविवार सकाळपर्यंत एकतीस झाले. शेजारच्या सोजराबाई म्हणाल्या, गाडीची दृष्ट काढा, आणि स्वतःच मीठ-मोहरी ओवाळून गेल्या. एकानं टाकीत थोडं रॉकेल घाला सांगितलं, दुसऱ्यानं चुकूनही घालू नका सांगितलं, आणि नंतर कळलं की ते दोघं सख्खे भाऊ आहेत. समोरचे कुमार एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. त्यांनी आयुष्यभर फक्त बस उघडली. त्यांनी स्कूटर उघडली, चार तास पाहिली, बंद केली आणि दोन स्क्रू माझ्या हातात ठेवून म्हणाले की हे जास्तीचे होते. बसमधून इतके निघतात, कुणाला कळत नाही.

त्यानंतर मात्र ती चौथ्या किकला सुरू झाली. ते दोन स्क्रू मी अजून कुणाला दाखवलेले नाहीत.

रविवारी भोंगवलीला हजारभर माणूस होतं. आमच्यासाठी नव्हे, बैलांसाठी. पण जेवणाच्या सुट्टीत लोकांना बघायला काहीतरी लागतंच. डॉक्टरांच्या त्या एकाच दाखल्यावर कचेरीनं आमच्या तिन्ही बैलांना परवानगी दिली होती. समालोचकाच्या हातात त्या परवानगीची यादी होती आणि तो यादीत आहे तेच वाचत होता: "आता चाकोरी नंबर तीनला येत आहे भोर शाळेच्या भाऊसाहेबांचा बदाम्या, वय वर्षं अठ्ठावीस, उजव्या कुशीला मार." माणसं ताट घेऊन उभी राहिली. अठ्ठावीस वर्षांचा बैल बघायची कुणाला उत्सुकता नसते?

सुलक्षणा सोजराबाईंबरोबर टेम्पोतून आली होती. ती बांधावर छत्री उघडून उभी राहिली. तिनं हात केला नाही. नुसतं पाहिलं, निकालाच्या रेघेकडं आणि मग माझ्याकडं.

सुरुवातीच्या रेघेवर एक नवीनच भानगड झाली. बैलांच्या शर्यतीत झेंडा पडेपर्यंत जोडीला पुढून धरून ठेवायची पद्धत आहे. हे धरणारे गडी आपापल्या जागी हजर होते, आणि त्यांनी सवयीनं आमचीही हँडलं धरली. माझ्या वाट्याला रखमाजी नावाचे पैलवान आले. त्यांची एकच पकड अशी होती की माझा उजवा हात, ब्रेक आणि अर्धं हँडल त्यांच्या मुठीत मावलं.

सावळारामांनी झेंडा टाकला. सिद्धनाथची मोटरसायकल ओरडत सुटली. गोरख कॅन खडखडवत सुटला. मी स्कूटर कलती करून किक मारत होतो आणि रखमाजी हँडल सोडत नव्हते. बैल पुढं ओढ घ्यायला लागला की मगच सोडायचा, ही त्यांची आयुष्यभराची शिस्त. त्यांनी शेजारच्याला शांतपणे सांगितलं, "ओढच घेत न्हाई रं. आजारी हाय काय?"

चार किक झाल्या. सहा झाल्या. समालोचक म्हणत होता, बदाम्या विचार करतोय. सातव्या किकला इंजिन लागलं, मी क्लच सोडला, स्कूटरनं रखमाजींच्या पोटात ढुशी दिली. "घेतली, घेतली," असं म्हणत ते बाजूला झाले आणि मी निघालो.

वेगाविषयी मी खोटं बोलणार नाही. स्कूटरचा काटा दोन हजार अकरा सालापासून वीसवर आहे, उभी असतानाही. शिवाय आदल्या दोन फेऱ्यांत बैलगाड्यांच्या चाकांनी चाकोरीत खोल चर पडले होते. त्यातल्या एकात माझं पुढचं चाक उतरलं, मागोमाग मागचं उतरलं, आणि मग मला हँडल वळवायचं कामच उरलं नाही. मी नुसता वर बसून होतो. नोकरीची सवय असल्यामुळं हे मला अवघड गेलं नाही.

दीडशे मीटरवर पाहतो तर गोरख थांबलेला. बांधावर सखूबाई नावाच्या बाई पंचांसाठी चहाची किटली घेऊन निघाल्या होत्या. किटली घेतलेली बाई वाटेकडं तोंड करून उभी दिसली की चौदा वर्षं गोरखचा पाय ब्रेकवर जातो. तसा तो गेला. त्यानं गाडी स्टँडला लावली, कॅनचं झाकण उघडलं, माप हातात घेतलं आणि त्यांना विचारलं, "म्हशीचं का गाईचं?" हजार माणसं हसली तेव्हा त्याला कळलं आपण कुठं आहोत. पण तोवर मी पुढं गेलो होतो. सखूबाई मात्र त्याच्यावर खरंच रागावल्या होत्या. त्यांच्या घरचं दूध दुसऱ्या डेअरीला जातं.

आता उरला सिद्धनाथ. तो आता पोचेल आणि फेरी संपेल, असं मी धरून चाललो होतो. पण रेघेच्या तीसेक मीटर अलीकडं त्याची मोटरसायकल उभी होती आणि तो शेजारी उकिडवा बसून इंजिनाकडं बघत होता. मी जवळ गेलो तसा काही न विचारता म्हणाला, "प्लग." मी पुढं गेलो, तरी पाठीमागून त्याचं गुणगुणणं ऐकू येत होतं.

मी रेघ ओलांडली. हे वाक्य मी घरात बऱ्याचदा म्हणून पाहिलंय, बरं वाटतं. रेघेपलीकडं बैल पकडायला गडी उभे असतात. त्यांनी हात पसरले. ब्रेकची केबल कुमारांच्या त्या दोन स्क्रूंच्या भरवशावर होती, हे मला तेव्हा कळलं. दोघांनी शिंगं, म्हणजे हँडल, धरलं, एकानं माझी कॉलर धरली. स्कूटर थांबली, मी थांबलो, कॉलर थोडी पुढं गेली. मग गुलाल पडला. स्कूटरवर, माझ्यावर, डोळ्यांत. सावळारामांनी चरापाशी जाऊन मागच्या बाजूला कुणाच्या पावलांचे ठसे आहेत का ते स्वतः वाकून पाहिलं आणि निकाल दिला: "मागनं हात न्हाई. तीन नंबर चाकोरी."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. गुलालानं येतं.

परत येताना बदाम्या सुरू झाला नाही. त्याला टेम्पोत आडवा घातला आणि मी, सुलक्षणा आणि सोजराबाई त्याच्या शेजारी बसलो. वाटेत सुलक्षणा म्हणाली, "सिद्धनाथ भाऊजींनी मधेच डावा हात टाकीखाली घातला. पेट्रोलचा कॉक बंद केला त्यांनी."

मी म्हटलं, प्लग होता. तो स्वतः म्हणाला.

"अठ्ठावीस वर्षं मी मागं बसतेय. पेट्रोल संपलं की कॉक रिझर्व्हला लावायचं काम कुणाचं होतं? तो हात मला कळत नाही होय?"

मग मलाही आठवलं. प्लग खरोखर गेला की सिद्धनाथ शिव्या देतो. कॉलेजपासून आजवर मी त्याच्या शिव्या ऐकत आलोय, त्यांतल्या निम्म्या त्यानं प्लगलाच दिल्यात. आज एकही नव्हती. आज तो गुणगुणत होता. आणि मग बाकीचे कागदही एकेक करून फायलीत येऊन बसले. घरघंटीची बातमी ऐकल्यावर राहिलेला चहा. शर्यतीची कल्पना कुणाची? त्याची. आमच्या गल्लीत बेचाळीस घरं आहेत, आणि बेचाळीस घरांचं दळण त्याच्या गिरणीत जातं. स्कूटर व्हरांड्यात राहिली तर घरघंटी येत नाही. आणि त्यानं आधी रेघ ओलांडली असती तर फेरी संपून स्कूटर मधेच थांबली असती. मी जिंकलो नव्हतो. मला पोचवलं होतं. नुसता मागून हात लावला नव्हता एवढंच.

"मग आता?" मी विचारलं. आवाज बारीक झाला होता.

"मग काय. अट मी घातली होती, मी मोडायची नाही. स्कूटर राहील." तिनं पदरानं माझ्या कानातला गुलाल काढला. "अट व्हरांड्याची होती."

या वाक्याचा अर्थ मला मंगळवारी कळला. मी शाळेतून आलो तेव्हा घरघंटी हॉलमध्ये चालू होती. हॉलमधला प्लगपॉइंट माझ्या आरामखुर्चीच्या मागं आहे. होता, म्हणजे खुर्ची होती. भंगारवाला सोमवारी ठरल्याप्रमाणे येऊन गेला होता, आणि त्याला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं, असं सुलक्षणाला वाटलं. आवक घरघंटी एक, जावक आरामखुर्ची एक. नोंद बरोबर आहे, कुठंच बोट ठेवता येत नाही.

तेव्हापासून मी पेपर स्कूटरच्या सीटवर बसून वाचतो. बायका दळणाचे डबे पायरीवर ठेवतात आणि मला विचारतात, भाऊसाहेब, नंबर कितवा? मी त्यांना नंबर देतो. व्हरांड्यात बसल्यामुळं ते काम आपोआपच माझ्याकडं आलं.

सिद्धनाथ चार दिवस आला नाही. पाचव्या दिवशी आला. आतून घरघंटीचा आवाज येत होता. तो जरा ऐकत उभा राहिला, मग म्हणाला की जातं थोडं जास्त आवळलंय, पीठ गरम पडेल, वहिनींना सांग. खुर्ची कुठं दिसेना म्हणून तो माझ्या मागं, स्कूटरच्या मागच्या सीटवर बसला. मी त्याला पुरवणी दिली.

"कॉक होता ना रे?" मी पुढं बघतच विचारलं.

"हं."

"गिरणीसाठी."

"मग काय, तुझ्यासाठी?" तो म्हणाला.

आतून चहाचे दोन कप आले. दोघंही ते फुंकत बसलो, एकामागं एक, समोर गल्ली. गाडी जागेवरच होती. थोड्या वेळानं त्यानं खाली वाकून सीटखालचा कॉक चाचपला आणि म्हणाला, "हा चालू ठेवलायस. पेट्रोल गळेल." आणि त्यानं तो बंद केला.